आपल्या गावातलं डिजिटल काम आपणच जपायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही आठ जण आहोत. दोन निवृत्त शिक्षक, एक डीटीपीवाले, एक लग्नाचं शूटिंग करणारे, एक ग्रंथपाल बाई, कॉलेजातली दोन मुलं आणि मी. गावातल्या हौशी नाटकांची रेकॉर्डिंगं, मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांच्या छपाईच्या फाइली, बंद पडलेले ब्लॉग, असं जे काही कंप्युटरवर जन्मलं किंवा नंतर कंप्युटरवर चढलं, ते आम्ही गोळा करून सांभाळतो. हल्ली तासगाव, कराड, बार्शी, एकदा तर मडगावहूनही फोन आला. विचारणारा नवा असतो, प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सगळं इंटरनेटवर असतंच की. मग हा उद्योग कशाला?

असतं, जोवर कंपनीला परवडतं तोवर. जिओसिटीजवर लोकांनी हाताने बांधलेली पानं ऑक्टोबर २००९ मध्ये गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. मायस्पेसने २०१९ मध्ये सांगून टाकलं की सर्व्हर बदलताना २०१६ च्या आधी चढवलेली गाणी गेली. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला निवृत्त झालं आणि त्यात केलेली ग्रीटिंग कार्डं, खेळ, छोटी ॲनिमेशनं एका फटक्यात मुकी झाली. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर २९ जून २०२० आठवा. टिकटॉकवर बंदी आली त्या रात्री शेताच्या बांधावर उभं राहून अभिनय करणाऱ्या कितीतरी पोरापोरींचं सगळं काम नजरेआड झालं. ज्यांनी मूळ व्हिडिओ फोनमध्ये ठेवले होते त्यांचं वाचलं, बाकीच्यांचं राहिलं फक्त बोलण्यात.

पण खरं सांगू का, कंपन्या बुडवतात त्यापेक्षा जास्त माल घरच्या कपाटात मरतो. हार्डडिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून, देवघराखालच्या खणात ठेवली की माणसाला वाटतं, झालं जतन. डिस्क आपणहून काही जपत नाही. वर्षातून दोनदा कुणीतरी ती लावून बघतं, म्हणून ती जपली जाते. हे ‘कुणीतरी’ गावात तयार करायचं कसं, एवढाच आमच्या सगळ्या खटाटोपाचा मुद्दा आहे.

हे काम सरकारचं, विद्यापीठांचं नाही का?

आहेही. पण त्यांची वाट बघत बसलात तर काय होतं हे सिनेमाच्या इतिहासात दिसतं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ मध्ये आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत आपले बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. आणि संग्रहालय झालं तरी ते सिनेमे जपणार. २००४ सालच्या तुमच्या तालुक्यातल्या एकांकिकेची व्हीसीडी कुठल्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत येणार?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करत दप्तरं शोधत हिंडले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्यांना एक सवलत होती, जी आपल्याला नाही. दीडशे वर्षं माळ्यावर पडलेलं मोडी दप्तर वाळवी लागूनही निम्मंअर्धं वाचता येतं. वीस वर्षं माळ्यावर पडलेली सीडी एक तर पूर्ण चालते, नाही तर ड्राइव्हमध्ये नुसती गरगरत बसते.

नक्की काय काय जपायचं?

जे दुसरं कुणी जपणार नाही ते आधी. गाजलेल्या नाटकाचं रेकॉर्डिंग तुम्ही नाही ठेवलं तरी कुठेतरी असतं. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेचं कुणा रसिकाने समोर बसून केलेलं रेकॉर्डिंग, गल्लीतल्या गणेश मंडळाच्या जिवंत देखाव्याचं संवादांसकट चित्रण, गावातल्या मुलाने कॉलेजात असताना केलेली शॉर्ट फिल्म, दहा वर्षं नेमाने लिहिलेला आणि मग सोडून दिलेला ब्लॉग. यातलं बरंचसं कलादृष्ट्या बेताचंच असतं, हे आम्हालाही कळतं. गुणवत्ता ठरवायचं काम आम्ही पुढच्यांवर सोडलंय.

किती माणसं लागतात? आमच्याकडे तिघेच आहेत.

तिघे पुरतात. तिघांत एक डीटीपी किंवा कंप्युटरवाला, एक गावातल्या सगळ्यांना ओळखणारा आणि एक चिकट स्वभावाचा हवा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. ‘सर, ती यादी झाली का?’ असं दर आठवड्याला न कंटाळता विचारणारा माणूस नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत सगळं थंडावतं. आमच्याकडे हे काम ग्रंथपाल बाई करतात आणि आम्ही सगळे त्यांना थोडे घाबरून असतो.

उद्घाटनाचा कार्यक्रम मात्र करू नका. नारळ, हार, प्रमुख पाहुणे झाले की काम झाल्यासारखं वाटतं. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते बारा, वाचनालयाचा एक कोपरा, चहा. एवढं पक्कं केलं की पुरे.

सुरुवात कुठून करू?

एक डबा उचला. एकच. गावातल्या एखाद्या डीटीपीवाल्याचा, शूटिंगवाल्याचा किंवा नाट्यसंस्थेच्या सेक्रेटरीचा. त्यातल्या सीडी, पेन ड्राइव्ह, डिस्क यांची आधी फक्त यादी करा: वर काय लिहिलंय, कुणाकडून आलं, कधी. मग जसं आहे तसं सगळं उतरवून घ्या. नीटनेटकं करायचा मोह या टप्प्यावर टाळा, नाही तर सोळाव्या सीडीलाच अडकाल. सगळ्या गावाची यादी करायला निघालेला एक गट मला माहीत आहे. त्यांची यादी सुंदर होती. उतरवलेली फाइल एकही नव्हती.

जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली उघडतच नाहीत. काय करू?

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारं प्रकरण हेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

साधारण १९९० ते २०१० या काळातलं मराठी छपाईचं काम बहुतेक करून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, नाही. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. फॉन्ट असला तर ‘महाराष्ट्र’ दिसतं, नसला तर डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं. भरीस भर म्हणून ती सॉफ्टवेअरं कंप्युटरच्या मागे खोचायच्या डोंगलवर चालत आणि तो डोंगल घर बदलताना हरवलेला असतो. मजकूर पेजमेकरमध्ये, शीर्षकं कोरल ड्रॉमध्ये, जाहिराती तिसऱ्याच कशात.

आम्ही असं करतो. मूळ फाइल जशी आहे तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, तिला कधीही हात लावत नाही. जुना कंप्युटर चालू होत असेल तर त्यावरच ती उघडून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढतो. पान कसं दिसत होतं, ते त्याने टिकतं. मग कन्व्हर्टर लावून मजकूर युनिकोडमध्ये आणतो, म्हणजे तो शोधता येतो. तीनही एकत्र ठेवतो.

खरी मेख कन्व्हर्टरनंतर सुरू होते. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप व्हायची, ती जोडाक्षर आलं की भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांतला फरक पुसला जातो. आचार्यांना द्यायचं आमंत्रण आचाऱ्यांना जातं. शिराळ्याकडच्या एका गृहस्थांच्या आठवणी आम्ही युनिकोडमध्ये बदलून घेतल्या, त्यात ‘दऱ्याखोऱ्यांत हिंडलो’चं ‘दर्याखोर्यांत’ झालं होतं. आमच्या गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवून शांतपणे विचारलं, ‘शिराळ्याला दर्या कधी आला?’ तेव्हापासून नियम आहे: बदललेलं प्रत्येक पान दोन माणसं वाचणार, एक मोठ्याने वाचणार आणि एक छापील अंकावर बोट ठेवून ऐकणार.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. दिसायला दोन्ही सारखी, कंप्युटरला वेगळी. त्यामुळे ‘ॲड.’ असं शोधलं तर गावातले निम्मे वकील सापडत नाहीत. ‘ऱ्य’सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. गटाने एक पद्धत ठरवा आणि शोधायच्या प्रतीत सगळीकडे तीच लावा. मूळ प्रतीत मात्र नाही.

मिनी डीव्ही, व्हीएचएस आणि व्हीसीडी यांचं काय?

घाई करा. टेपांपेक्षा टेप चालवणारी यंत्रं आधी संपतायत. मिनी डीव्हीची एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो आणि तिची मूळ प्रतीची फाइल साधारण १३ जीबी होते. त्यासाठी चालू स्थितीतला कॅमेरा आणि फायरवायरची खाच असलेला जुना कंप्युटर हवा. हा ऐवज लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडेच मिळतो, म्हणून त्यांना गटात घ्याच. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या दहा टेपांना तीच बुरशी लागते. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको.

व्हीसीडीचं चित्र मुळातच भुरकट असतं. पण मूळ टेपवर नंतर कुणाची तरी मुंज चढवलेली असते, त्यामुळे बऱ्याचदा उरलेली एकमेव प्रत तीच. हसू नका, उतरवा.

फाइल कुठल्या प्रकारात ठेवावी?

फोटो टिफमध्ये, आवाज वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये, पानं पीडीएफ-ए मध्ये, मजकूर साध्या युनिकोड टेक्स्टमध्ये. व्हिडिओ जसा कॅमेऱ्यातून आला तसा. बघायला, पाठवायला छोटी प्रत वेगळी काढा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो किंवा व्हिडिओ मूळ समजू नका, तो वाटेत दाबून बारीक केलेला असतो. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगावं लागतं. प्रत्येकाला, दर वेळी.

फाइलींना नावं कशी द्यायची? माहिती काय लिहायची?

आमच्याकडे आलेल्या फाइलींची काही नावं: ‘नाटक’, ‘नाटक फायनल’, ‘नाटक फायनल नवीन’, ‘हेच घ्या’. आता आम्ही आधी तारीख लिहितो, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग प्रकार, मग स्थळ, मग क्रमांक. नाव इंग्रजी अक्षरांत, कारण जुन्या यंत्रांवर देवनागरी नावांचे प्रश्नचिन्ह-चौकोन होतात. बाकी सगळी माहिती मराठीत, स्प्रेडशीटमध्ये: काय, कुणी केलं, कुणी टिपलं, कधी, कुठे, कुणी दिलं, परवानगी आहे का. ही स्प्रेडशीट वर्षातून एकदा छापून जाड वहीत चिकटवतो. कागदावर आमचा अजून विश्वास आहे.

माहिती मिळते माणसांकडून आणि माणसं कमी होत चाललीत. आमच्याकडे एक एकांकिका आली, ४१ मिनिटांची. नाव नाही, साल नाही, सुरुवातीचा भाग कापलेला. नटांना कुणी ओळखेना, सगळ्यांच्या तोंडाला रंग. एका रविवारी वेशभूषा सांभाळणाऱ्या मावशींना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, ‘थांबव. ही माझी इरकली.’ नायिकेच्या आईने नेसलेली साडी त्यांनी घरून नेली होती. धाकटीच्या बारशाला घेतलेली, म्हणजे १९९८ नंतरचं. आणि काठाला जळकं भोक पडायच्या आधीचं, म्हणजे २००१ च्या गणपतीच्या आत. साल हातात आल्यावर संस्थेच्या जमाखर्चात नाटकाचं नाव सापडायला दहा मिनिटं लागली. वहीत आम्ही ‘कशावरून ओळखलं’ असा एक रकाना केलाय. तिथे ‘इरकली’ असंच लिहिलंय.

प्रती किती आणि कुठे?

निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत गावाबाहेर. हा नियम जगभर सांगतात. आम्ही तो पुरात शिकलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. तोपर्यंत आमचा गट नव्हता, पण आमच्या डीटीपीवाल्यांनी स्वतःच्या कामाच्या तीन प्रती ठेवल्या होत्या: एक दुकानात, एक घरी, एक मेहुण्यांकडे. शहाणपणाचंच काम. फक्त दुकान, घर आणि मेहुणे तिन्ही नदीकाठच्या गावभागात. तिन्ही डिस्का एकाच रात्री पाण्याखाली गेल्या. पाण्याच्या हिशोबाने ती एकच प्रत होती.

आता आमची एक प्रत वाचनालयात वरच्या मजल्यावर, एक विट्याला, जिथे पाण्याची अडचण उलट्या बाजूची आहे, एक पुण्यात आणि निवडक भाग ऑनलाइन. चिपळूणकरांना २००५ आणि २०२१ नंतर हे वेगळं सांगावं लागत नाही. पूर नसलेल्या गावांनी आग, चोरी, उंदीर आणि भाऊबंदकी यांचा विचार करावा.

प्रतींवर भरवसा ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण भक्तीने सांगतो, पण ती लोकांच्या तोंडी होती आणि संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्यांत होती, हेही त्याच परंपरेत सांगितलं जातं. स्टॅनफर्डच्या ग्रंथपालांनी १९९९ मध्ये विद्यापीठांच्या नियतकालिकांसाठी जी योजना काढली तिचं तत्त्व हेच: अनेक ठिकाणी प्रती ठेवा, त्या एकमेकींशी ताडून बघा.

फाइल खराब झाली हे कळणार कसं?

उघडून बघून कळत नाही. फोटोचा कोपरा करडा झालेला असतो किंवा तासाभराच्या रेकॉर्डिंगात ३८ व्या मिनिटाला खरखर असते, आणि तिथपर्यंत कुणी ऐकतच नाही. म्हणून चेकसम काढून ठेवायचा. शा-२५६ नावाची पद्धत कुठल्याही फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा काढते. फाइलीत एक टिंब बदललं तरी ठसा पार बदलतो. फुकट साधनं आहेत, विंडोजमध्ये तर आतच सोय असते. फाइल आली की ठसा काढून यादीत लिहायचा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला सगळे ठसे पुन्हा काढून ताडायचे. जुळला नाही तर दुसऱ्या गावची प्रत आणायची. आम्ही हे सणांना बांधलं, कारण ‘दर सहा महिन्यांनी’ असं लिहिलं की ते कधीच होत नाही.

डिस्क चालते आहे तोवरच बदलायची. आम्ही पाच वर्षांनी बदलतो. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायला बनवलेलेच नाहीत.

गूगल ड्राइव्हवर टाकलं की झालं ना?

एक प्रत म्हणून छान. पण दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. खात्याचा मालक आजारी पडला, वारला किंवा नुसता कंटाळला तरी घड्याळ चालू असतं. शिवाय खातं कुणाच्या तरी मोबाइल नंबरला बांधलेलं असतं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

ज्यावर मुक्त परवाना आहे किंवा ज्याचा कॉपीराइट संपलाय, ते इंटरनेट अर्काइव्ह, विकिमीडिया कॉमन्स आणि मराठी विकिस्रोत इथे चढवता येतं. गावातल्या ब्लॉगांची पानं इंटरनेट अर्काइव्हच्याच वेबॅक मशीनमध्ये जतन करायला लावा, पत्ता चिकटवून एक बटण दाबायचं असतं. आमची कॉलेजातली मुलं एका रविवारी चाळीस ब्लॉग उरकतात.

कॉपीराइटचं काय? केस होईल का?

घाबरून काम सोडू नका आणि बिनधास्तपणे सगळं यूट्यूबवरही चढवू नका. जपणं आणि प्रसिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, निम्मी भांडणं त्या एक समजल्यामुळे होतात.

आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांना प्रसिद्धीपासून ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखादी कृती कागदावर किंवा अन्य बिगरडिजिटल रूपात आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवायची मुभा आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, गावातलं ग्रंथालय सोबत घ्या. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यामुळे तालुक्या-तालुक्यात सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, जागा असते, कपाट असतं, आणि दुपारी तिथे कुणी नसतं.

एका नाटकाच्या रेकॉर्डिंगात हक्क किती जणांचे असतात ते बघा: लेखकाचा, संगीतकाराचा, चित्रण करणाऱ्याचा, नटांचे कलाकार म्हणून वेगळे. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत टेप जाईल. त्यामुळे आधी उतरवतो, कुलपात ठेवतो, मग सह्यांच्या मागे लागतो. परवानगी लेखीच घ्या, एक पानी, सोप्या मराठीत. त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं धरतो आणि प्रदेश फक्त भारत. आमच्या पहिल्या अकरा परवानग्यांत मुदतच नव्हती, हे एका वकील मित्राने चहा पिता पिता दाखवून दिलं. पुन्हा अकरा घरं हिंडलो. एका काकूंनी सही करताना विचारलं, ‘मागच्या वेळची सही पुसली का रे?’

कलाकार म्हणतात, ‘ते माझं जुनं काम पुसून टाका.’ मग?

यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत: प्रसिद्ध करू नका, यादीतून नाव हवं तर झाका, पण पुसण्याआधी वर्षभर थांबा. माणसं पस्तिशीत आपल्या विशीतल्या कविता जाळायला निघतात आणि पासष्टीत त्याच शोधत येतात. एकच अपवाद. कुणाचं खासगी आयुष्य उघडं पडत असेल, विशेषतः बाईमाणसाचं किंवा लहान मुलाचं, तर चर्चा न करता लगेच पुसायचं आणि सगळ्या प्रतींतून.

परदेशातल्या गावकऱ्यांचा काही उपयोग होतो का?

खूप. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, म्हणजे इंटरनेटवरच्या मराठीचा जुना ठेवा सांभाळायची सवय तिकडच्या मंडळींना आपल्या आधीपासून आहे. दोन कामं त्यांना सांगा. एक, एक प्रत त्यांच्या घरी. दोन, गाव सोडताना त्यांनी नेलेल्या कॅसेटी आणि फोटो बघायला सांगा. गावात उरलेलं नसतं ते बऱ्याचदा तिकडच्या तळघरातल्या खोक्यात, कोरड्या हवेत, ठणठणीत असतं. पैसे पाठवू का, असं ते आपणहून विचारतात. आधी खोकं उघडायला सांगावं.

संस्था नोंदवावी का? पैसे कुठून?

पहिली दोन वर्षं नको. नोंदणीला सात सभासद लागतात, धर्मादाय कार्यालयाकडे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, आणि पदं आली की पदांवरून रुसवे आले. ग्रंथालयाचा उपक्रम म्हणून चालवा. आम्ही प्रत्येकी वर्षाला हजार रुपये काढतो, त्यात डिस्क आणि चहा भागतो. देणगी घ्यायची वेळ आली की मगच नोंदणीचा विचार करा. नगरसेवकाचं नाव डिस्कवर टाकायच्या अटीवर मिळणारी डिस्क नम्रपणे नाकारा.

तरुण मुलं येत नाहीत.

जतनासाठी येत नाहीत, बरोबर. त्यांना जुना कॅमेरा उघडायला द्या, ते येतात. आमचा एक मुलगा फ्लॅशमधली २००५ सालची एक दिवाळी शुभेच्छा रफल नावाच्या फुकट साधनावर चालवून दाखवायला आला आणि राहिला. आणि त्यांचं स्वतःचं कामही घ्या: त्यांच्या रील, त्यांचे पॉडकास्ट. चढवायच्या आधीची मूळ फाइल मागा. ‘माझंही ठेवणार?’ असं विचारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गट बंद पडला तर?

पडणार हे धरूनच चाला. शेजारच्या एका गावात सगळं काम एकाच गृहस्थांनी केलं होतं, आणि फार चांगलं केलं होतं. ते अचानक गेले. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड त्यांना पाठ. घरच्यांनी पासवर्ड बदलायचा प्रयत्न केला तर ओटीपी त्यांच्याच नंबरवर, आणि नंबर घरच्यांनी तेराव्यानंतर बंद केलेला. डिस्कांना पासवर्डचं कुलूप घातलेलं. त्यांची मुलगी आमच्याकडे डिस्क घेऊन आली होती, आम्ही काहीही करू शकलो नाही.

आमच्याकडे खात्याचा नंबर वाचनालयाच्या नावावर आहे. पासवर्ड दोघांना माहीत असतात आणि एका बंद पाकिटात कपाटात असतात, पाकिटावर तारीख. डिस्कांना कुलूप घालत नाही, फक्त खासगी फोल्डरला घालतो. कामाची सगळी पद्धत सहा पानांत लिहिलेली आहे आणि सहाव्या पानावर आम्ही पांगलो तर काय कुणाकडे जाईल ते, समोरच्याच्या लेखी होकारासकट. दरवर्षी एक रविवार आमच्यातला सर्वांत नवा माणूस फक्त ती सहा पानं वाचून, कुणालाही न विचारता, एक फाइल शोधून दाखवतो. मागच्या वर्षी आमची कॉलेजातली मुलगी तिसऱ्या पानावर अडकली. तिसरं पान पुन्हा लिहिलं.

घरी जुना सीपीयू पडून आहे. भंगारवाला दारात उभा आहे. देऊ का?

डबा द्या. आधी बाजूचे दोन स्क्रू काढा, आतली वहीएवढी धातूची पेटी, म्हणजे हार्डडिस्क, बाहेर घ्या, दोन वायरी हळूच उपटा. वर कागद चिकटवून लिहा: कुणाचा कंप्युटर, कुठल्या सालापर्यंत वापरला. मग आम्हाला किंवा तुमच्या गावातल्या त्या चिकट माणसाला फोन करा.